अकरा पूर्णांक चार

अमळनेरचा मे. गच्चीवर बिबड्या
दुपारपर्यंत कडक.
पत्र्याला बोट लागलं तर फोड,
आणि डॉक्टर म्हणतात
अक्काच्या रक्तात ऊन कमी आहे.
अकरा पूर्णांक चार.

मला हसू आलं. मग माझंही काढलं रक्त.
नऊ पूर्णांक आठ.

खरंच, उन्हात आम्ही होतो कधी?
पहाटे वर चढायचो, ऊन यायच्या आत खाली.
वाळायच्या त्या बिबड्या.

पण माझं तर तिच्याहून कमी, आणि मला सगळं आठवतं:
बोरीच्या पुरात गेलेलं शिलाई मशीन,
आईच्या चांदीच्या गोठांवरून झालेलं भांडण,
कोण काय बोललं, कुठल्या पायरीवर.

डॉक्टरांनी पाकिटामागे कुलूप काढलं.
"ऊन ही किल्ली. कुलूप ज्याचं त्याचं,
आईबापांकडून आलेलं. त्यात एखादं अक्षर
इकडचं तिकडे... कदाचित त्यानंही.
खात्रीनं नाही सांगता येत, ताई."

एका फणीनं विंचरलेल्या आम्ही दोघी.
एखादं अक्षर.

द्वारकाअक्का भांडण विसरली.
आता ते मी एकटीनं सांभाळायचं,
तिची बाजूसुद्धा.

रविवारी दोन पेल्यांत दोन पुड्या.
खिडकी लावून, पंख्याखाली
ढवळते पुडीतलं ऊन.
"तू कोन शे व माय?"
दर वेळी नाव सांगते. आज म्हटलं,
"आईचे गोठ घेणारी."
"बरं करं," म्हणाली, "सांभाळजो."

ओठाला साय लागली होती तिच्या.
पुसली.