माती खाल्ली

बोटीतून उतरले तर मुरादने आधी
माझे बूट पाहिले,
मग तीनचाकीच्या फळीवरची धूळ झटकली.
"जाताना इथेच झाडायचे. दाणासुद्धा न्यायचा नाही.
धक्क्यावर पिशव्या उघडतात."

तेहतीस वर्षं मी दगडांना चिठ्ठ्या लावल्या.
हातोडी घरी ठेवून आले होते,
तरी उजवा हात कमरेशी
काहीतरी चाचपत राहिला.

होर्मुझ.
समुद्राखालचं मीठ
पन्नासेक कोटी वर्षं दबून राहिलं
आणि एक दिवस (दिवस म्हणायचं आपलं)
वरचे थर फोडून उठलं.
येताना हाताला लागेल ते घेऊन आलं,
गेरू, गंधक, लोखंडाचा चमचमता चुरा,
घर सोडताना बाई
चुलीतला कोळसाही मागे ठेवत नाही, तसं.

एवढं मला ठाऊक होतं.
मुरादला ठाऊक होतं
कुठल्या वळणावर चारला सावली येते
आणि कुठल्या घळीत त्याच्या आज्याने खणलं.
"गोणी भरायचा. जहाजं यायची.
कुठल्या तरी थंड देशातल्या दारांना
आमचा डोंगर फासलाय."
आजा खोकला की रुमाल तांबडा व्हायचा.
रक्त की माती,
घरात कुणी विचारायचं नाही.

सनोबरच्या अंगणात उलटा तवा तापला होता.
मुखवट्याच्या फटीतून फक्त डोळे,
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत मोजलं.
पातळ पीठ तव्यावर फिरलं, कडा सुटल्या,
मग तिने बरणीतून चमचाभर तांबडं काढून
भाकरीवर सारवलं.
मासळी, मीठ, नारिंगाची साल,
आणि डोंगर.
पंधरा दिवस उन्हात मुरलेला.

आम्हीही चाखतो माती, मी म्हटलं.
दाताखाली कचकचली तर गाळ,
लोण्यासारखी गेली तर चिकण.
"मग?"
मग थुंकतो.

ती इतकी हसली की मुखवटा सरकला.

मी तिला सांगितलं, माझ्या भाषेत
माती खाल्ली म्हणजे घोडचूक केली,
मातीत गेलं म्हणजे वाया गेलं,
माती दिली म्हणजे संपलं.
मुरादने जमेल तसं उलथवून सांगितलं.
ती दुसरी भाकरी टाकत म्हणाली,
"तुमच्याकडची चवीला वाईट असेल."

कचकचली. थोडीच.
आधी मासळी, मग आंबट,
मग अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी, गंजक्या कडीची चव.
तेहतीस वर्षांत पहिल्यांदा
मी नमुना गिळला.
चिठ्ठी कुठे लावायची कळेना.

संध्याकाळच्या बोटीला रांग.
पोरसवदा शिपायाने पिशवी पालथी केली,
वहीची पानं फडफडवली, बूट उलटे धरून ठोकले.
लाटा किनाऱ्याला लागून तांबड्या होत होत्या
आणि परत जाताना तांबड्याच जात होत्या.
त्यांना कुणी अडवलं नाही.

"काही नेताय?"

मी मान हलवली.
तोंड उघडलं नाही.