आवडा

बाळ सहा दिवसांचं होतं तेव्हाच
स्नेहलने पुण्याहून यादी पाठवली,
सत्तेचाळीस नावं, फुंकर मारली तर उडतील अशी.
गुरुजींनी फोनवर नक्षत्र सांगितलं, पूर्वाषाढा,
अक्षरं भू, धा, फा, ढा.
शैलेश म्हणाला, ढा वरून मला फक्त ढालगज आठवतं,
आणि मी हसले तर टाके दुखले.

चूक असली तर माझीच.
पहिलीच्या वेळी मी हट्टाने मथुरा म्हटलं.
तिच्या वर्गात चार अन्वी, तीन कियारा,
बाईंनी "मथुरा" पुकारलं की
पालकसभेला आलेले कुणाचे तरी आजोबा
दचकून ताठ बसतात.
मग मुलगा झाला आणि सुटका नव्हती.
बहीण मथुरा नि भाऊ रेयांश म्हणजे
एका पायात कोल्हापुरी, दुसऱ्यात क्रॉक्स.
सदाशिव ठेवलं. चार दिवसांत सदा झाला.

आता ही.
द्वारका चांगलं होतं, पण मथुरेमागे द्वारका
म्हणजे घर नव्हे, यात्रा कंपनी.
भागीरथी सदाला म्हणवेना.
अनसूया मला मनापासून हवं होतं,
पण शैलेशच्या ऑफिसातल्या अनसूया मॅडम
रजा नामंजूर करतात.
रात्री पाजताना मी एकेक नाव
तिच्या टाळूवर टोपड्यासारखं ठेवून बघायची,
सैल होतंय का, डोळ्यांवर घसरतंय का.

खरी परीक्षा गॅलरीत.
कन्नमवार नगर, चौथा मजला,
मुलं सायकली घेऊन पार दूध केंद्रापर्यंत गेलेली.
संध्याकाळी सातला एका दमात हाक मारायची असते,
मथुराऽऽ सदाऽऽ
आणि त्यापुढे जे येईल तेही
त्याच आकारावर उघडं राहायला हवं,
नाहीतर तोंड मिटतं आणि आवाज
दुसऱ्या मजल्यावरच्या ओल्या चादरीत अडकतो.
मी बाळंतिणीच्या बारीक आवाजात
मथुरा, सदा, एवढं म्हणून बघायची
आणि जिन्याची पायरी चुकल्यासारखी थांबायची.

नवव्या दिवशी शिरोडकर वहिनींनी अळिवाचे लाडू पाठवले.
स्टीलचा डबा, एका अंगाला चेपलेला,
झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
कै. आवडाबाई रामजी घाग
यांच्या स्मरणार्थ. सन १९७९.

"वहिनी, या कोण?"
"काय माहीत बाई. आमच्याकडे आला तेव्हा
त्यात सांडगे होते, भांडुपहून की कुठून.
परत द्यायचा राहिला."
शैलेशच्या ओळखीतल्या एका घागांना विचारलं,
ते म्हणाले, आमच्यात अशी कुणी नाही.
म्हणजे ही बाई इतकी वर्षं
घरोघर फिरतेय, कधी सांडगे, कधी लाडू घेऊन,
आणि रिकामा डबा परत करू नये म्हणून
कुणी कुणी तिच्यात साखर घातली असेल.

लाडू खाताना झाकण मांडीवर होतं.
बोटाने ठिपके चाचपले. आ. व. डा.
मग जरा मोठ्याने: मथुरा, सदा, आवडा.
मथुरा गृहपाठातून म्हणाली, "ओ."
सदा म्हणाला, "मी काही नाही केलं."
तिसरीने जांभई दिली, अख्खं तोंड उघडून.

स्नेहल फोनवर म्हणाली, वहिनी, चिडवतील गं शाळेत,
आवडलं का, आवडलं का म्हणून.
मी म्हटलं, बरंच की, रोज कुणीतरी विचारेल.
आत्या तूच, कानात तुलाच सांगायचंय.

बारशाच्या आदल्या दिवशी शैलेश वाटी कोरायला
टागोर नगरच्या भांडीवाल्याकडे गेला.
त्याने चिठ्ठी वाचली, मशीन हातात घेतलं,
मान वर न करता विचारलं,
"आधी कै. लावायचं ना?"
"नाही हो," शैलेश म्हणाला, "अकरा दिवसांची आहे."
"असं होय," तो म्हणाला,
वाटी शर्टाला पुसली,
आणि पहिला ठिपका मारला.