दुसऱ्या टोकाला

दोंडाईच्यात, मिरचीच्या मार्केटमागे,
पंक्चरवाल्याला लागून माझं दुकान.
पाटीवर नाव अजून आप्पांचंच.
टेम्पोतून मोटर उतरवून माणूस आत वाकतो,
"मिस्तरी कठे शे?"
मी स्टेटरला पालथा हात लावते, नाक जवळ नेते.
"जळालीय. ठेवून जा."
तो तरी मिस्तरीची वाट बघत उभा.

हा पालथा हात मी जन्मताना आणला नव्हता.

तेव्हा स्टेटर विटांवर आडवा असायचा, तोफेसारखा.
या टोकाला मी, त्या टोकाला सुपडू.
चोवीस खाचा. मी वायर सरकवायची,
त्याने ओढायची, वळवून परत पाठवायची.
मधे लोखंड. तोंड दिसत नाही.
आणि सुपडूला ऐकू येत नाही.
दोन वर्षांचा असताना ताप आला होता, एवढंच माय सांगते,
पुढचं सांगत नाही.

मग आम्ही वायरीतच बोलायला लागलो.
एक झटका: आली.
दोन: थांब, पीळ पडलाय.
तीन पटापट म्हणजे आप्पा आले, नीट बस.
आणि लांब, सैल ओढ: भूक लागली.
कधी तो उगीच ओढायचा, काही म्हणायचं नसताना,
मग मीही उगीच.
वायरीचं कातडं सोललं म्हणून दोघांनी मार खाल्ला.

कोकिळाताई दारात शेंगा सोलत वेढे मोजायची
आणि चुकायची.
एकोणतीसनंतर थेट एकतीस.
म्हटलं तर, "तीस मी मनात म्हटलं."
हे इतकं ठाम, की आप्पा स्वतःचीच बोटं पुन्हा मोजत.
गिऱ्हाइकाला तीच सांगायची,
"उद्या दिवेलागणीला घेऊन जा,"
मोटर अजून उघडलेलीही नसताना.
आप्पा चिडत. आम्ही रात्रभर जागत.
दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मोटर तयार असे.
मला वाटायचं, ताई खोटं बोलते.
आता मीही तेच बोलते, त्याच गळ्यातून.
ती नंदुरबारला दिलेली. फोनवर
तिकडे कुणाला तरी झापताना ऐकू येते,
तेव्हा क्षणभर वाटतं, मीच दुकानात उभी आहे.

एक मोटर मात्र माझी एकटीची.
साडेसात एचपी, विखरणच्या माणसाची.
सुपडू आजारी, ताई लग्नाच्या बस्त्याला,
मी या टोकाकडून त्या टोकाला धावत
तीन दिवसांत भरली.
टाकीत बुडवली. मेगर लावला.
काटा शून्यावर जाऊन झोपला.
आप्पा आले, पाहिलं, विडी पेटवली.
वाटलं, आता म्हणतील, पोरीचं काम नाही हे.
त्यांनी पक्कड माझ्याकडे सरकवली.
"उकल. कठे चुकनी ते तुलेच सापडी."
सापडलं. सतरावी खाच,
काठाला घासलेली, नखाएवढी जागा.
दीड दिवस उकलत बसले
आणि घरातलं कुणी मदतीला आलं नाही.
सुपडू खाटेवरून बघत होता, ताप उतरलेला,
तोही उठला नाही.
त्याचा राग आला होता.
थोडा अजून आहे.

सुपडू आता सुरतेला, लूमवर.
तिथल्या खडखडाटात बाकीचे बहिरे होतात,
माझं काय जातंय,
असं मोबाईलच्या काचेतून हातांनी सांगतो
आणि स्वतःच हसतो.

त्याच्या जागी धनराज बसतो. आयटीआयचा पोरगा, हुशार.
सगळं तोंडाने सांगतो.
"सोडा मॅडम." "ओढा मॅडम."
काल दुपारी, तीन वाजून गेले असतील,
डबा तसाच खुंटीला,
माझ्या हातून एक लांब, सैल ओढ गेली.
"काय झालं मॅडम?" लोखंडाआडून आवाज आला.
"काही नाही," म्हटलं.
"ओढ."