नमुना

मनामाच्या सोनारबाजारामागे, ठिबकणाऱ्या एसीखाली
माझी भट्टी. गाव विट्याकडचं, काम गलाईचं.
बदरिया बिंत सालेह आल्या, पंचाहत्तरीच्या,
कापडी पिशवी काट्याशेजारी ठेवून
मोडक्या हिंदीत म्हणाल्या, वितळव.

मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्या बापाचे रुपये.
आमच्याकडचेच. मुंबईत पाडलेले, इथे मुरलेले.

मी एकेक फरशीवर टाकत गेलो.
जुने लांब वाजतात,
आवाज बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन येतो.
चाळीस सालापासूनचे लगेच गप्प.
कडेवर नख फिरवलं की मधोमध चर लागतो,
सरकारने आपल्या हाताने कोरलेली कबुली:
निम्मी चांदी लढाईला गेली.
तेजाबात टाका, पाणी हिरवंनिळं होतं.
सत्तेचाळीसचे दोन तर सरळ चुंबकाला जाऊन चिकटले.

बाई म्हणाल्या, बाप सांगायचा,
लढाई पाहिली नाही आम्ही. ऐकली. रुपयात.

तळाशी एक निघाला. रुपयाएवढा, करडा.
एका अंगाला पानांची वेल, वेलीत आकडा नाही,
दुसरं अंग कोरं.
चुंबक ओळख देईना, कसोटीवर रेघ उमटेना.
टाकसाळीत कुणी कसला तरी धातू करून पाहिला असेल,
साहेबाने मान हलवली असेल,
आणि हा कुणाच्या तरी खिशातून बोटीवर.

चिडली की आई मला म्हणायची, काय नमुना आहे!

हा कसा राहिला, विचारलं.
मोसमाच्या हिशेबात नोखधाने दिलेला
(त्या नोखधा म्हणाल्या, मला नाखवा ऐकू आलं).
दुसऱ्या दिवशी तोच परत घेईना.
हलवेवाला घेईना, न्हावी घेईना.
पिशवीतले बाकीचे नंतरचे, तेल कंपनीच्या पगारातले.
समुद्रातली वीस वर्षं नोखधाच्या वहीत गेली,
त्यातला हा तेवढा बापाचा.

मूस लाल झाली होती. सवागी टाकली.
पावतीवर लिहिलं: चांदी, सत्त्याहत्तर नग.
निकेलचे दोन तुझ्या पोरांना, म्हणाल्या.

ऐंशीवा मुठीत घेऊन निघाल्या,
दाराशी थांबल्या,
आणि फरशीवर एकदा टाकून पाहिला.
ठक्.

असाच वाजतो तो, म्हणाल्या,
आणि मला उचलून द्यायला लावला.