मेण, प्रमाण

आधी आमच्याकडे तीन वह्या होत्या.
विक्रीची फिओरेन्झाकडे, निळी.
कोठाराची माझ्याकडे, तेलकट.
हिशेबाची वर, मालकांच्या मेहुण्याकडे;
तिचा रंग खाली कोणी पाहिला नव्हता.
एकाच सोमवारी निळी म्हणायची, चौदा अकॉर्डियन,
तेलकट म्हणायची, अकरा,
आणि वरून निरोप यायचा: बाराचे पैसे जमा.
खोटं कोणीच बोलत नव्हतं.
प्रत्येक वही आपापल्या वेळेला खरी होती.

मग त्रिएस्तेहून द्रागान आला,
लॅपटॉप आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन.
कास्तेलफिदार्दोची चढण चढून धापा टाकत
त्यानं भिंतीवर एकच बाण काढला.
म्हणाला, फिओरेन्झानं मागणी एकदा लिहायची.
एकदाच.
लिहिताच तुझ्या फळीवरच्या पात्या
त्या वाद्याच्या नावानं राखल्या जातील,
कमी पडल्या तर खरेदीला हाक जाईल,
भाते चिकटवणाऱ्या एल्वियोला त्याचा गुरुवार कळेल,
आणि वाद्य खोक्यात गेलं की
वर बिल आपोआप उमटेल.
मी विचारलं, आणि माझी वही?
तो म्हणाला, ही तुझीच वही, ओर्नेल्ला.
फक्त ती आता सगळ्यांना दिसेल.
त्या रात्री मला झोप लागली नाही.

सहा आठवडे मोजत होतो.
एका वाद्याचे साडेतीन हजार तुकडे:
बटणं, त्यांच्या तारा, चामड्याच्या पापण्या,
भात्याच्या कोपऱ्यांचे पत्रे, पत्र्यांचे खिळे.
आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून,
द्रागान बजावायचा, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून.
मोजता मोजता नाझारेनोच्या बाकाखाली
बिस्किटांचा डबा सापडला.
सत्तावीस वर्षं बाजूला काढलेल्या पात्या,
तीनही वह्यांत नसलेल्या.
कशासाठी?
चांगल्या वाद्यासाठी.
कुठल्या?
त्यानं खांदे उडवले.
डब्याला क्रमांक मिळाला.
नाझारेनो आठवडाभर कोणाशी बोलला नाही.

शेवटी मेण उरलं.
पात्या बसवायचं मेण, त्यात राळ.
किती? पडद्यावरचा चौकोन विचारत होता.
ते वाद्य कुठे जातंय त्यावर, नाझारेनो म्हणाला.
बारांकियाला जात असेल तर राळ जास्त,
तिथं मेणालाही घाम फुटतो.
ट्रोम्सोला जात असेल तर कमी, नाहीतर तडकतं.
आणि त्या दिवशी हवा दमट असेल तर?
तर वास घेऊन बघायचं.
चौकोनात फक्त आकडा मावत होता.
खाली शेऱ्याला जागा होती, चाळीस अक्षरांची.
मी लिहिलं: नाझारेनोला विचारा.

पहिल्याच दिवशी पडद्यावर
उणे दोन अकॉर्डियन दिसले:
कोणीतरी जोडणी न नोंदवताच खोकी भरली होती.
उणे अकॉर्डियन कसं वाजतं
याची एल्वियोनं नक्कल केली,
भाता पूर्ण ओढून, श्वास रोखून.
वरचा मेहुणासुद्धा हसला,
बावीस वर्षांत प्रथमच जिना उतरून.
पुढच्या सोमवारी तिघांनी एकच आकडा सांगितला.
बरं वाटलं. थोडं चुकल्यासारखंही.

दोन हिवाळ्यांनी नाझारेनो गेला.
प्रत्येक कामाच्या कागदावर तो छापून येतच राहिला,
राळेच्या ओळीखाली, ठिपक्यांच्या अक्षरांत.
द्रागाननं फोनवर सांगितलं, जुने शेरे काढून टाक.
अधिकार मला होता. मी म्हटलं, लाइन खराब आहे.
नवी आलेली नोएमी विचारायची, हा कोण?
मी म्हणायची, मेण तापव.
ती तापवायची. फसायची. खरवडायची.
पातेल्यावर वाकून वास घ्यायची,
आधी फिओरेन्झाला हाक मारून: हे कुठे चाललंय?

मे महिन्यात एका सकाळी ती कोठारात आली,
नखांत मेण.
शेरा दुरुस्त करायचाय, म्हणाली.
मी जुनं नाव पुसलं, एकेक अक्षर,
आणि तिचं लिहिलं. दोन अक्षरं कमी लागली.
बदलाचं कारण? पडद्यानं विचारलं.
ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
मी एक पूर्णविराम दिला.
तेवढा त्याला पुरला.
बारांकियाची नऊ वाद्यं त्या दिवशी निघायची होती.