राखीव

तालमीच्या माळ्यावर, मातीत कालवायच्या तेलाच्या डब्यामागं
दत्तोबा साळोख्यांची वही आहे.
दोनशे पानी. वर किराणा दुकानाचं नाव, खोडलेलं.
आत देशाच्या पोरांचे सामने,
एकोणीस वर्षांखालची, सतराखालची, मधेच कधी सोळाखालची,
पेपरात शेवटच्या पानावर दोन ओळी यायच्या
त्यातून उतरवलेले.

तारीख. गाव. कुणाशी. किती.
हरलो.
हरलो.
बरोबरी. इथं पेन दोनदा फिरलंय.
हरलो.
पावसामुळं रद्द, आणि पुढं बारीक अक्षरात : बरं झालं.
एका देशाचं नाव त्यांना जमेना,
तीन वर्षांत तीन तऱ्हांनी लिहिलं,
तिन्ही वेळा हरलो.
जिंकलो त्या पानावर चहा सांडलेला,
किती गोल ते वाचता येत नाही.
विचारलं तर म्हणायचे,
"जिंकलो न्हवं? मग मोजतोस कशाला?"

एका वर्षी समासात लाल शाई आहे :
राखीव गोलकीपर, आपला.
तो मी.
पेपरात माझं नाव नव्हतं.

तीन सामने. तीनदा बाकावर.
आमचा पहिला कीपर मिझोरामचा, ललरुआता,
त्याची भाषा मला येईना, माझी त्याला.
सामन्याआधी मी त्याला चेंडू मारायचो,
डावीकडं, उजवीकडं, वर, पुन्हा डावीकडं,
तो हात वर करून म्हणायचा, बस.
मग जाऊन तो पाच खायचा
आणि मी त्याच्यासाठी पाण्याची बाटली धरून उभा.

तिसऱ्या सामन्यात त्याचं बोट वळलं.
प्रशिक्षकांनी मागं बघितलं. माझ्याकडं.
जॅकेट काढलं मी. थंडी अशी की दातांचा आवाज कानात.
ग्लोव्हजचा पट्टा ओढला.
त्यानं बोटाला पट्टी गुंडाळून घेतली
आणि उभा राहिला.
परत जॅकेट घालताना चेन दातातून निसटली,
ती अजून लागत नाही.

परत आलो तर पेठेच्या कोपऱ्यावर माझा फोटो,
बारा फुटी. खाली : आंतरराष्ट्रीय खेळाडू.
हलगी. गुलाल. आई दारात तांब्या घेऊन.
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
पुढच्याच रविवारी शाहू स्टेडियमवर
साधा घरंगळत आलेला चेंडू पायांमधून गेला,
आणि गॅलरीतून एक आवाज, सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असा :
"इंटरन्याशनल! दार लावून घे की रं!"
हसलो मी. खरंच हसू आलं.
तिथून आल्यावर पहिल्यांदा कुणीतरी
माझ्या खेळाबद्दल बोललं होतं.

आता शिरोलीत फौंड्रीत असतो. कोअर बनवतो.
पंपात जिथं पोकळी हवी तिथं आधी वाळूचा कोअर ठेवायचा,
भोवतीनं लोखंड ओतायचं,
निवलं की ठोकून ठोकून त्याचा भुगा काढायचा.
पंप जातो विकायला. वाळू परत ढिगात.
पाणी वाहतं ते त्याच्या जागेतून.
हे मी नवीन पोरांना शिकवतो तेव्हा
एवढंच सांगतो : कोपरे नीट भरा.

दत्तोबांचे डोळे गेले तेव्हा वही माझ्याकडं आली.
ते खाटेवरून विचारायचे, "आज?"
मी सांगायचो. ते म्हणायचे, "लिव्ह."
गेले त्या आठवड्यातही एक सामना होता.
लिहिला.

काल रात्री दीड वाजता मोबाइलवर बघत होतो.
आपली पोरं, सतराखालची. एक शून्य, मग दोन शून्य.
कॅमेरा बाकावरून फिरला, दोन सेकंद असेल.
टोकाला एक जण, मांडीवर ग्लोव्हज,
जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेला,
मैदानाकडं असा बघत होता
जणू कुणीतरी त्याला आत्ता हाक मारेल.
समालोचकानं नाव घेतलं नाही.

सकाळी वही काढली.
तारीख. गाव. कुणाशी. हरलो.
लाल पेन शोधलं, सापडलं, चालेना, फुंकर मारून चालवलं.
समासात एका नावापुरती जागा सोडलीय,
पुढं लिहिलंय : आपला.