गट नंबर ४१२

मी तांदूळ शिजवते, पण जेवायला नाही.
अर्धाकच्चा, पिशवीत भरून, कुकरला लावून,
गार झाला की सुईच्या टोकावर मावेल एवढी बुरशी.
आठव्या दिवशी पांढरी, पंधराव्याला हिरवी,
पाटाच्या दगडावरच्या शेवाळासारखी.
आई म्हणते, पोरगी जयसिंगपुरात भात नासवायचा पगार घेते.

शिरढोणला बाळगोंडा अण्णांचा ऊस
भादव्यात उभ्या उभ्या पिवळा पडला.
बेट धरलं तर हातात आलं,
हलणारा दात यावा तसं.
मुळं नव्हतीच. तिथं हुमण्या,
कानातल्या बाळीसारख्या वळून झोपलेल्या, दुधाळ.

पिशव्या पोचवल्या. अण्णा म्हणाले,
"दहा दिवस ऱ्हाऊ दे. दशलक्षण लागलंय.
आमी हिरवी भाजी तोडत न्हाई,
आन् तू हे..."
हुमणीला पर्व नसतं, अण्णा.
"ते तिचं. माझं मला."
मग पिशवीला बोट लावून, "हे बी जित्तंच की गं?"
जित्तंच.
"मग बाजू कुणाची घ्यायची?"
डिप्लोम्याला हे नव्हतं.

पिशव्या गोठ्यात, म्हशीच्या पलीकडं, सावलीला.
मी रोज फोन करायचे, ऊन लागत नाही ना?
रोज उत्तर यायचं,
"ओलं पोतं टाकलंय. नीट हाय ते."

चतुर्दशी सरली. खुरपं त्यांनीच घेतलं,
हळू उकरलं, कुणाला लागू नये असं.
हुमणी होती. कडक, खडूसारखी,
अंगभर हिरवी. माझ्याच पिशवीचा रंग,
आणि पिशवीची तर गाठही सुटली नव्हती.
दुसरी तशीच. तिसरी वळवळली.

"कुणी केलं?"
इथलीच आहे, अण्णा. तुमच्या मातीतली.
थोडी आहे, पुरत नाही.
ते उकिडवे बसून राहिले,
नळावर कुणाची तरी घागर भरून सांडेपर्यंत.
मग उठले. "शेणखतात मिसळ काय ते.
मी तवर घराकडं जाऊन येतो."
चार पावलं गेले, वळले,
"माझं नाव घालू नको कुठं."

कडक हुमणी मी बाटलीत घातली.
चिठ्ठीवर लिहिलं, शिरढोण, नदीकाठ, ऊस,
गट नंबर ४१२.
तिच्या अंगावरची बुरशी आता माझ्या तांदळावर आहे.
आज सहावा दिवस.
अजून काहीच दिसत नाही.